आमची लेक काय तपासते?

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला आम्ही दोघे गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या मामांनी विचारले, "धाकटी काय करते सध्या?" आम्ही जरा ताठ बसून सांगितले, "हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली." मामा खूश झाले. "अरे वा! म्हणजे प्रोग्रॅम बनवते?" आम्ही म्हणालो, "नाही, दुसऱ्यांनी बनवलेले तपासते." मामांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि आमची समजूत घातल्यासारखे म्हणाले, "असू द्या. होईल हळूहळू. पुढे बनवायलाही देतील."

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघेही गप्प होतो. मामांचा राग आला होता असे नाही. पण त्यांना काय उत्तर द्यायचे ते आम्हाला सुचले नव्हते. लेकीने सहा महिने क्लास केला, नोकरी लागली, पहिल्या पगाराची साडी आणि घड्याळही घरात आले. पण ती दिवसभर नेमके काय तपासते हे आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. म्हणून घरी आल्यावर ठरवले की रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास तिच्याकडून शिकायचे. ती आधी हसली. मग म्हणाली, "चालेल, पण मधे मधे जांभया द्यायच्या नाहीत."

इथे आमची ओळख सांगावी लागेल. आमच्या दोघांपैकी एकाने भोसरीच्या कारखान्यात २९ वर्षे काढली, त्यातली निम्म्याहून अधिक तपासणी खात्यात. दुसरीने दापोडीच्या वस्तीत अंगणवाडी चालवली. तेव्हा तपासणीचे आपल्याला कळते, अशी आमच्यातल्या कारखानदार माणसाची खात्री होती. त्याने पहिल्याच रात्री प्लग गेजची गोष्ट काढली. गेजचे एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. दोन्ही जमले तर नग पास, नाही तर रिजेक्ट. "तुझंही तसंच असणार की!"

लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात ड्रॉइंग असायचं. भोक किती मिलिमीटरचं, कमी-जास्त किती चालेल, सगळं लिहिलेलं. आमच्याकडे पुष्कळदा ड्रॉइंगच अर्धं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, फॉर्म सोपा हवा. सोपा म्हणजे काय, हे विचारण्यापासून आमचं काम सुरू होतं."

दुसरा फरक तिने सांगितला तो आम्हाला जास्त लागला. कारखान्यात शंभर नगांत दोन खराब निघाले तर अठ्ठ्याण्णव तरी चांगले असतात. सॉफ्टवेअरमध्ये नग एकच. त्याच्याच नकला सगळीकडे जातात. त्यात दोष राहिला, तर तो लाख लोकांच्या हातात एकाच दिवशी पोचतो.

मग क्वालिटी ॲश्युरन्स आणि टेस्टिंग यांतला भेद. आम्ही दोन्ही एकच समजत होतो. तयार झालेले चालवून बघून दोष शोधणे हे टेस्टिंग. दोष मुळात शिरूच नये म्हणून आधीपासून केलेली सारी व्यवस्था म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्स. काय बनवायचे ते स्पष्ट लिहून घेणे, एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने वाचणे, छोटा तुकडा तिथल्या तिथे तपासणे, तुकडे जोडल्यावर पुन्हा तपासणे, सापडलेल्या प्रत्येक दोषाची नोंद ठेवणे, हे सगळे त्यात येते. हे मात्र आमच्या कारखानदाराला लगेच पटले. त्यांच्याकडेही पूर्वी सगळा लॉट झाल्यावर तपासणी व्हायची आणि टोपल्याच्या टोपल्या भंगारात जायच्या. पुढे मशीन लावल्यावर पहिलाच नग तपासून मग हाताला वेग द्यायचा, अशी पद्धत आली. अमेरिकेचे डेमिंग १९५० साली जपानला गेले आणि तिथल्या कारखानदारांना हेच समजावून आले : शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, काम करण्याची रीतच सुधारा.

तिसऱ्या रात्री तिने वही काढली आणि आम्हाला गृहपाठ दिला. समजा, लहान मुलांच्या नोंदणीचा एक फॉर्म आहे. जन्मतारीख टाकली की कॉम्प्युटरने सांगायचे, मुलाला कोणता आहार द्यायचा. सहा महिन्यांच्या आत असेल तर काही नाही. सहा महिने ते तीन वर्षे असेल तर घरी नेण्याचा आहार. तीन ते सहा वर्षे असेल तर अंगणवाडीतला गरम ताजा आहार. हे कसे तपासाल?

आमचा कारखानदार म्हणाला, सगळी वये टाकून बघू. लेक म्हणाली, तसे सगळे कधीच तपासता येत नाही. दहा आकडी मोबाईल नंबरचेच बघा. सगळे मिळून हजार कोटी नंबर होतात. सेकंदाला एक याप्रमाणे टाकत बसलात तरी तीनशेहून अधिक वर्षे लागतील. म्हणून गट पाडायचे आणि प्रत्येक गटातले एकेक वय घ्यायचे.

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा," आम्ही म्हणालो.

"हो, पण आई, भात कच्चा कुठं राहतो?"

कडेला. आणि लागतो तळाला. मधले शीत नेहमीच शिजलेले असते. लेकीच्या कामातली फार मोठी युक्ती एवढीच आहे. चूक बहुधा हद्दीवर बसलेली असते. सहा महिन्यांना एक दिवस कमी, बरोबर सहा महिने, एक दिवस जास्त. तीन वर्षांचे तसेच, सहा वर्षांचे तसेच. 'पेक्षा मोठे' आणि 'एवढे किंवा मोठे' यांत लिहिणाऱ्याची गल्लत होते आणि ज्या दिवशी पोराला तीन वर्षे पुरी होतात त्या दिवशी त्याचे नाव कुठल्याच यादीत सापडत नाही.

यावर आमच्यातली अंगणवाडीवाली सावरून बसली. जन्मभर रजिस्टरे लिहिलेल्या बाईला हा प्रश्न विचारणे म्हणजे सुगरणीला मिठाचा अंदाज विचारण्यासारखे होते. तिने भराभर सांगायला सुरुवात केली. २९ फेब्रुवारीला जन्मलेले मूल. ज्याचे बारसेच झाले नाही आणि रजिस्टरात 'बाळ' एवढेच नाव आहे असे मूल. जुळी! एकच आई, एकच पत्ता, एकच जन्मतारीख. दुसऱ्याची नोंद करताना फॉर्म म्हणाला, ही नोंद आधीच झाली आहे, तर? वजन १२.० लिहिताना टिंब राहून १२० झाले, तर? ऊसतोडीला गेलेले कुटुंब चार महिन्यांनी परत आले, तर? बापाचे नाव आईला सांगायचे नसेल, तर? आडनाव लावतच नाहीत, तर? नावात 'ऱ्हा' असेल, तर? कारण मशीनमध्ये पुष्कळदा तो अर्धा 'र' नीट उमटत नाही, हे तिने पाहिलेले होते. आणि भाकरी थापता थापता, पिठाच्या अंगठ्याने, तडा गेलेल्या मोबाईलवर, नेट जात-येत असताना कुणी बटण दोनदा दाबले, तर?

लेक लिहीत गेली. एकतीस झाले. शेवटी पेन ठेवून म्हणाली, "आई, आमच्या क्लासमध्ये सगळ्यांचे मिळून बारा झाले होते."

त्या रात्री आमच्या घरात एक जण जरा जास्तच ताठ चालत होती, हे इथे नोंदवले पाहिजे.

पण पुढच्याच आठवड्यात तिची फजिती झाली. लेकीने आपल्या एका मैत्रिणीने बनवलेला भिशीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम आम्हाला मोबाईलवर दिला आणि दोष शोधायला सांगितले. दहा मिनिटांत आम्ही जाहीर केले, "चालत नाही." लेक म्हणाली, "चालत नाही म्हणजे काय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं नाही' सांगता का?" मग तिने दोष लिहायची रीत शिकवली. आधी एका ओळीत दोष काय. मग पायऱ्या : पहिल्यांदा काय उघडले, मग काय टाकले, मग काय दाबले. मग काय व्हायला हवे होते. मग प्रत्यक्ष काय झाले. कोणत्या मोबाईलवर. दोष किती गंभीर आणि किती तातडीचा, या दोन गोष्टीही वेगळ्या. गिऱ्हाइकाचे नाव पहिल्याच पानावर चुकले असेल तर त्याने कुणाचे नुकसान नाही, पण दुरुस्ती आजच हवी. वर्षातून एकदा होणाऱ्या हिशेबात घोळ असेल तर तो गंभीर, पण दोन दिवस थांबेल. आणि लिहायचे असे की बनवणाऱ्याने तुमच्या पायऱ्यांवरून जाऊन तोच दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. नाही तर तो म्हणणार, माझ्या मशीनवर तर चालतंय. हे वाक्य म्हणे त्या धंद्यात रोज ऐकू येते.

आम्ही पुन्हा बसलो. भिशीत बारा बाया, दरमहा पाचशे. एक बाई मधेच सोडून गेली की उरलेल्या अकरा जणींच्या हिशेबात तिचे पैसे तसेच राहत होते. पायऱ्या लिहिल्या, पाठवल्या. मैत्रिणीने दोन दिवसांत दुरुस्ती केली. लेक म्हणाली, आता पहिल्यापासून सगळे पुन्हा तपासा. आम्ही कुरकुर केली. पण खरेच, दुरुस्तीनंतर नवीन बाई भिशीत घेता येईना. एका जागचा नळ आवळला की दुसऱ्या जागी गळतो, तसे. याला ते रिग्रेशन म्हणतात. हे पुन्हा पुन्हा तपासण्याचे काम करणारे प्रोग्रॅमही आता लिहितात. ते लिहायला आमची लेक सध्या शिकते आहे.

जुन्या कामाचा नग नव्या मशीनवर बसवतानाही तपासणी टळत नाही. युरोपचे एरियान-५ हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात, मिनिटभरही न होता, आकाशात फुटले. त्यातला एक प्रोग्रॅम आधीच्या एरियान-४ मधून तसाच उचललेला होता. नवे रॉकेट जास्त वेगाने जात होते, तेव्हा एक आकडा ठरवलेल्या जागेत मावेना, आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. जुन्या रॉकेटवर तो प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता. आमच्या कारखानदाराने हे ऐकून दोन्ही कानांना हात लावले.

"असे कुणी करणार नाही" हे त्या धंद्यातले दुसरे आवडते वाक्य. त्यावर लेकीने सांगितलेली गोष्ट आम्हाला फार आवडली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन आपल्या चिमुरडीला कधी कधी कामावर घेऊन जात. खेळता खेळता पोरीने बटणे दाबली आणि यान प्रवासात असताना उड्डाणाच्या आधी चालवायचा प्रोग्रॅम सुरू केला. नकली यानाचे सगळे कोलमडले. हॅमिल्टनबाई म्हणाल्या, असे होऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये अडसर घालू या. वरच्यांनी सांगितले, गरज नाही, अंतराळवीर पक्के तयार असतात, ते अशी चूक करणार नाहीत. १९६८ च्या डिसेंबरात अपोलो-८ चंद्राहून परतत असताना जिम लव्हेल यांच्या हातून नेमकी तीच चूक झाली आणि यानातली दिशेची माहिती पुसली गेली. ती पुन्हा भरावी लागली. माणसे सुखरूप आली. पण तो दोष पहिल्यांदा सापडला होता एका लहान पोरीला.

या गोष्टीवर हसत असतानाच लेक सहज बोलून गेली, "दादाच्या फॉर्मचंही तसंच झालं असणार. नंबरात तिरकी रेघ टाकून कुणी बघितलंच नसेल."

आमचे हसू तिथेच थांबले.

२०१३ सालची गोष्ट. थोरला तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. स्कॉलरशिपचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. त्याचा जातीचा दाखला गावाकडच्या तहसिलातला, जुना, हाताने लिहिलेला. त्याच्या नंबरात अक्षरे, आकडे आणि मधे मधे तिरक्या रेघा. पोरगा नेट कॅफेतून परत आला आणि म्हणाला, "नंबर घेत नाही." आम्ही म्हणालो, "नीट टाक." तो पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला छापील कागद घेऊन आला. फेब्रुवारीत कळले, फॉर्म नामंजूर. दाखल्याचा नंबर जुळत नाही. ऑफिसात गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "कॉम्प्युटर चुकत नसतो. पोरानं चुकीचा टाकलाय." पोरगा मागे उभा राहून सांगत होता, "मी बरोबर टाकला होता." आम्ही त्या माणसाचे ऐकले.

घरी आल्यावर आमच्यापैकी एकाने पोरावर हात उचलला. दुसरीने अडवला नाही. फीसाठी कानातली फुले गहाण पडली; ती दोन वर्षांनी सुटली. त्यानंतर थोरल्याने कोणताच फॉर्म स्वतःच्या हाताने भरला नाही. बँकेचासुद्धा धाकटीकडून भरून घेतो. निष्काळजी आहे, असे आम्ही इतकी वर्षे चारचौघांत म्हणत आलो.

लेकीने कागदावर काढून दाखवले. फॉर्म बनवणाऱ्याने ठरवले असेल की नंबर म्हणजे फक्त अक्षरे आणि आकडे. त्याच्यासमोर नवे, कॉम्प्युटरवर निघालेले दाखले असतील. तिरकी रेघ आली की फॉर्म पुढे सरकत नसेल. रेघ काढली की सरकत असेल. आणि तपासणाऱ्याकडच्या नोंदीत रेघ असेल, म्हणून दोन्ही जुळत नसतील. "तेव्हाचा तो फॉर्म आता माझ्या हातात नाही, पण याच जातीचा दोष मी गेल्याच महिन्यात एका फॉर्ममध्ये पकडला," ती म्हणाली. "एक जुना दाखला टेबलावर ठेवून कुणी पाच मिनिटं बसलं असतं, तर हे झालं नसतं."

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी लेकीने इंग्लंडच्या पोस्टमास्तरांची हकीकत सांगितली. ती आमची समजूत काढायला सांगितली की आणखी काही दाखवायला, कोण जाणे. तिथल्या पोस्टात १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची कॉम्प्युटर पद्धत आली. छोटी छोटी पोस्टे चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत, मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे. पण तिथल्या कोर्टातही कॉम्प्युटर बरोबर चालत होता असेच धरून चालत. तो बिघडला होता हे दाखवायचे ते आरोपीने. पदरचे पैसे भरून कित्येक जण कंगाल झाले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर असल्या गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. भारतीय वंशाची एक बाई तर गरोदर असताना तुरुंगात गेली. ॲलन बेट्स नावाच्या एका पोस्टमास्तराने वर्षानुवर्षे लढा दिला, आणि २०१९ च्या डिसेंबरात कोर्टाने सांगितले की त्या पद्धतीत दोष होते. या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले.

आमच्या घरातली गोष्ट त्यापुढे कणभर. पण खिडकीतल्या माणसाचे वाक्य तेच होते, आणि त्याला मान डोलावणारे आम्ही होतो, स्वतः तपासणी खात्यात पगार घेतलेले.

लेकीच्या ऑफिसातही सगळे गोड चालते असे नाही. नवीन काम लोकांच्या हाती द्यायच्या आदल्या संध्याकाळी तिला दिसले की नेट मंद असताना पैसे भरायचे बटण दोनदा दाबले तर रक्कम दोनदा कापली जाते. सगळे घरी जायच्या घाईत. वरिष्ठ म्हणाले, "असं कोण दाबतं?" ती म्हणाली, "माझी आई." द्यायचे की थांबायचे हे ठरवणे तपासणाऱ्याच्या हातात नसते, त्याने दोष आणि त्याचा परिणाम स्पष्ट लिहून समोर ठेवायचा. तिने पायऱ्या लिहिल्या, मंद नेटवर तीनदा करून दाखवले. काम एक दिवस थांबले. कुणी शाबासकी दिली नाही, दोन जण आठवडाभर नीट बोलले नाहीत. मामा पुन्हा भेटले तर त्यांना हे सांगायचे आहे.

गेल्या रविवारी आम्ही थोरल्याला नाशिकला फोन लावला. काय बोलायचे ते ठरवले होते, पण सुरुवात जमेना. शेवटी म्हणालो, "तुझा तो २०१३ चा फॉर्म... तू बरोबरच भरला होतास." पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "मी तीनदा भरला होता. तिसऱ्यांदा त्या कॅफेवाल्यानं रेघा काढल्या, तेव्हाच पुढचं पान आलं. तुम्हाला सांगितलं होतं मी."

सांगितले होते. आता आम्हालाही आठवले.

लेकीने आमच्या हातातला फोन घेतला, मांडीवर वही ओढली आणि म्हणाली, "दादा, पहिल्यापासून सांग. पहिल्यांदा नंबर कसा टाकलास? मग काय दाबलंस? पडद्यावर नेमकं काय आलं?" तो सांगू लागला, ती एकेक पायरी लिहू लागली. पाऊण तास ते दोघे बोलत होते. त्या दिवशीचा स्वयंपाक आम्ही दोघांनीच उरकला.